चुंबकाने हलणारं जेल टिकत का नव्हतं?

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बोटावर घेऊन बघा. तिच्यात बरंचसं पाणी असतं, तरी ते सांडत नाही; लांब रेणूंच्या जाळ्यात धरलेलं असतं. हेच हायड्रोजेल. शरीरात चालतील अशी जेल १९६० मध्ये प्रागच्या ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी नाताळात विख्तर्लेंनी खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच लेन्स घडवल्या!

आपल्याकडे १९८०च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, स्टार्चपासून ‘जलशक्ती’ तयार झालं. मातीत पाणी धरून ठेवणारा हा पदार्थ. ओल टिकण्याचं मोल सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

चुंबक मात्र दुसऱ्याच वाटेने आला. १९६३ मध्ये नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी रॉकेटच्या इंधनात चुंबकीय कण मिसळले, कारण अंतराळात ते पंपाकडे ओढायचं होतं. १९९०च्या दशकात बुडापेस्टमध्ये मिक्लोश झ्रिन्यी यांच्या गटाने तसेच कण जेलमध्ये बसवले. चुंबक जवळ आणला की जेल ताणलं जायचं, वाकायचं. मोटर नाही, वायर नाही!

मग अडलं कुठे? ताकदीवर. पाणी जास्त तर जाळं विरळ. ओढ वाढावी म्हणून कण वाढवले, तर त्यांच्या गुठळ्या होतात आणि तडा तिथूनच जातो. रक्तवाहिनीत सरकणाऱ्या साधनाचा तुकडा आत सुटला, तर उपचारच जिवावर बेतेल.

२००३ मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठात जिआन पिंग गोंग यांच्या गटाने एकमेकांत गुंतलेली दोन जाळी केली. आपल्या चादरीत उभा-आडवा धागा मिळून कापड टिकवतो. इथे मात्र ताठ जाळं आधी तुटून जोर स्वतःवर घेतं आणि लवचिक जाळं तुकडा एकसंध ठेवतं. २००६ मध्ये एनसीएलच्या शायनी वर्गीस, आशीष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी धातूच्या आयनांनी कापलेलं जेल पुन्हा जुळतं, हे दाखवलं.

हे धागे आता एकत्र येताहेत. कण वरून मिसळण्याऐवजी आधी मजबूत जाळं करायचं, ते लोहक्षारांच्या द्रावणात भिजवायचं आणि मग अल्कली देऊन कण आतच घडवायचे. अशाने गुठळ्या कमी होतात.

तेव्हा चुंबकासमोर नाचणाऱ्या जेलचा व्हिडिओ दिसला, तर टाळ्या जरूर वाजवा. पण एक प्रश्नही विचारा: हे ओढून किती वेळा बघितलंय?