श्वार्ट्झ अय्यर आणि सरफोजी राजे

आजोळी, तंजावरला, सरफोजी राजांचा विषय निघाला की आजी एका जर्मन पाद्र्याचं नाव घेतल्याशिवाय राहत नसे. तमिळ शेजाऱ्यांसारखी तीही त्यांना श्वार्ट्झ अय्यर म्हणे. ‘‘अय्यरांनी बाळराजांना अंधारातून बाहेर काढलं,’’ हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यावर आजोबांचंही ठरलेलं: ‘‘काढलं खरं, पण राज्य कुणाच्या हाती गेलं, तेही पोरांना सांग.’’

क्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ यांचा जन्म 1726 सालचा, प्रशियातल्या झोनेनबुर्गचा. हाले विद्यापीठात शिकताना तिथे चाललेल्या तमिळ बायबलच्या कामामुळे ते जर्मनीत असतानाच तमिळ शिकले. 1749 मध्ये कोपनहेगनला त्यांना ल्युथरन धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते डेन्मार्कच्या ताब्यातल्या तरंगंबाडी बंदरात उतरले. पुन्हा कधी युरोपला गेले नाहीत, लग्नही केलं नाही. तमिळबरोबर फारसी, हिंदुस्तानी शिकले आणि तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारासाठी मराठीही.

त्यांच्या शब्दाला मोठी किंमत होती. 1779 मध्ये मद्रासच्या इंग्रज सरकारने म्हैसूरच्या हैदर अलीचा कल जाणून घ्यायला त्यांनाच श्रीरंगपट्टणला धाडलं. हैदरने वाटखर्चाला दिलेले 300 रुपये त्यांनी सरकारपुढे ठेवले. सरकारने परत केले, तेव्हा ते तंजावरच्या शाळेला लावले. पुढच्याच वर्षी हैदरची फौज तमिळ मुलखातल्या कर्नाटकात उतरली आणि तंजावरात अन्नान्नदशा झाली. सरकारी माणसं पैसे बुडवतील या धास्तीने शेतकरी धान्य बाहेर काढेनात. ‘मी पैसे देईन,’ असा शब्द अय्यरांनी दिला आणि किल्ल्यात धान्याचे बैल आले. ही गोष्ट सांगताना आजीचा आवाज भरून येई.

1787 मध्ये तंजावरचे तुळजा राजे वारले. मरण्यापूर्वी त्यांनी नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं होतं आणि मुलाला श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन करायची त्यांची इच्छा होती. मात्र गादीवर आले तुळजांचे सावत्र भाऊ अमरसिंह. मुलाला अंधाऱ्या जागी ठेवलं गेलं, शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झ यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे दाद मागितली. 1793 मध्ये सरफोजींना मद्रासला हलवलं आणि तिथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके त्यांना शिकवू लागले. दत्तकविधान वैध आहे, हेही श्वार्ट्झ यांनी नेटाने मांडलं.

13 फेब्रुवारी 1798 रोजी अय्यर गेले. सरफोजी अंत्यदर्शनाला आले आणि रडले. त्याच वर्षी अमरसिंहांच्या जागी ते गादीवर बसले. पण 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांना उरला किल्ला, तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. आजोबांचा सल तो हाच, आणि तो खोटा नव्हता. श्वार्ट्झ कंपनीच्या विश्वासातले होते आणि त्यांनी मिळवून दिलेला न्याय कंपनीच्या पथ्यावर पडला.

मात्र सत्ता गेलेल्या या राजाने काय केलं, तेही मोजायला हवं. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, मराठी हस्तलिखितांशेजारी युरोपीय ग्रंथ आले. राजाच्या छापखान्यात देवनागरी मजकूर छापला जाऊ लागला, इसापच्या गोष्टी मराठीत आल्या. 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला. पाद्र्याचा हा शिष्य अखेरपर्यंत शिवभक्त राहिला आणि गुरूचं ऋणही त्याने कधी लपवलं नाही. लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्याने संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. मृत्युशय्येवरचे अय्यर आणि त्यांचा हात धरून उभे सरफोजी.

मराठी माणूस तंजावरला जातो, बृहदीश्वर आणि सरस्वती महाल पाहून परततो. शिवगंगा बागेजवळचं, 1779 मध्ये बांधलेलं श्वार्ट्झ यांचं चर्चही पाहा. तंजावरच्या मराठी विद्येचा इतिहास या ल्युथरन शिक्षकाला वगळून पुरा होत नाही.