नांगरछाप दगडांचा किल्ला

जर्मनीत नोकरीला असलेला भाचा गेल्या दिवाळीत घरी आला आणि त्याने माझ्यापुढे एक लाकडी पेटी ठेवली. "मामा, जपून उचल, दिसते त्यापेक्षा जड आहे," म्हणाला. सरकतं झाकण मागे ढकललं तर आत दगड. विटकरी, फिकट पिवळे आणि निळसर करडे, एकमेकांना असे खेटून बसवलेले की फटीत नख शिरू नये. मी त्यातला एक चौकोनी ठोकळा काढला. इंचभर उंचीचा, हाताला गार, कडा टाकीने घडवल्यासारख्या नेमक्या. त्यावर दुसरा ठेवला तेव्हा दगडावर दगड टेकल्याचा बारीक आवाज आला. तो आवाज लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांतून कधीच येत नाही.

पेटीवर जहाजाच्या नांगराचं चित्र होतं. जर्मन लोक या खेळाला 'आंकर श्टाइनबाउकास्टन' म्हणतात. आंकर म्हणजे नांगर, श्टाइन म्हणजे दगड, बाउ म्हणजे बांधकाम आणि कास्टन म्हणजे पेटी. आपल्याकडच्या दुकानदाराने त्यांना सरळ 'नांगरछाप दगडी ठोकळे' म्हटलं असतं. टेबलावर मावेल असा दगडी किल्ला मापात, थरावर थर चढवत बांधायचा, हा छंद घरोघरी नेला तो या पेटीने. तिचं कूळ शोधत गेलो तर त्यात एक शिक्षक भेटला, आकाशात उडू पाहणारे दोन भाऊ भेटले आणि औषधं विकणारा एक व्यापारी भेटला.

सुरुवात शिक्षकापासून करायला हवी. फ्रीडरिक फ्रोबेल १७८२ साली जर्मनीतल्या थुरिंगिया भागात जन्मला. तरुणपणी काही काळ तो बर्लिनमधल्या खनिजांच्या संग्रहालयात काम करत होता. स्फटिक ठरावीक कोनांत आणि ठरावीक पृष्ठांवर वाढतो, कितीही लहान असला तरी आपला आकार सोडत नाही, हे त्याने तिथे रोज पाहिलं. पुढे १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावात त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंना तो 'भेटी' म्हणे. तिसरी भेट म्हणजे दोन इंची लाकडी घन, तिन्ही दिशांनी मधोमध कापून आठ घन केलेला. पाचव्या भेटीत तीन इंची घनाचे सत्तावीस भाग, त्यांतले काही तिरपे कापलेले, म्हणजे छपराचा उतार आला. मुलाने सगळे ठोकळे वापरायचे, एकही बाजूला टाकायचा नाही आणि खेळ संपला की पुन्हा पूर्ण घन करून पेटीत ठेवायचा. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट याने आत्मचरित्रात या ठोकळ्यांचं ऋण मानलं आहे. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते पाहून त्याच्या आईने त्याच्यासाठी आणले होते.

ठोकळ्यांना एकमेकांशी जुळणारं माप मिळालं ते फ्रोबेलमुळे. पण लाकूड हलकं. मनोरा हातभर उंच गेला की कुणाचा कोपर लागायचा अवकाश, सगळं जमिनीवर. किल्ला उभा राहायचा तर त्याला वजन हवं.

ते वजन दिलं ओटो आणि गुस्टाफ लिलिएंथाल या भावांनी. ओटोचं नाव आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत असतं. पंख बांधून टेकडीवरून झेपावणारा, राइट बंधूंनी ज्याला आपला पूर्वसूरी मानलं तो हाच. ओटो अभियंता होता, धाकट्या गुस्टाफचा ओढा बांधकामाकडे आणि मुलांच्या खेळण्यांकडे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये दोघांनी दगड 'शिजवायला' घेतला. कृती ऐकायला सोपी आहे: क्वार्ट्झची बारीक वाळू, खडूची भुकटी, रंग आणि जवसाचं तेल. हे मिश्रण साच्यात घालून जोराने दाबायचं आणि मग उष्णता देऊन पक्कं करायचं.

यातलं जवसाचं तेल मला फार मोलाचं वाटतं. क्रिकेटच्या नव्या बॅटला आपण जे चोळतो तेच हे तेल. पाणी वाळतं म्हणजे उडून जातं. जवसाचं तेल तसं वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि स्वतःच घट्ट होत जातं. पाणी घालून केलेला गोळा वाळताना आक्रसतो, हे मातीचा गणपती केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे आक्रसून चालणारच नव्हतं. चाळीस थरांचा मनोरा रचायचा आणि प्रत्येक दगड अर्ध्या मिलिमीटरने कमी भरला, तर माथ्याला दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. शेजारचा बुरूज आणि हा बुरूज मग एका कमानीने जोडताच येत नाहीत. लिलिएंथाल बंधूंचं खरं कर्तृत्व या अचूकपणात आहे.

दगड उत्तम झाले, पण भावांना ते विकता आले नाहीत. १८८० साली त्यांनी ही कृती फ्रीडरिक आडोल्फ रिश्टर नावाच्या उद्योजकाला एक हजार मार्कांना देऊन टाकली. गुस्टाफ त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला निघून गेला. पाच वर्षांनी परत येऊन पाहतो तर आपले दगड भलत्याच्या नावाने धूमधडाक्यात खपताहेत. भावांनी सुधारलेले ठोकळे काढून पुन्हा बाजारात उतरायचा प्रयत्न केला, रिश्टर कोर्टात गेला आणि भाऊ हरले. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल. ज्याने विकलं त्याने विकलं. तरीही पेटीवर लिलिएंथाल हे नाव नाही, याची मला हळहळ वाटते.

ओटो मग उड्डाणाकडे वळला तो कायमचाच. १८९१ पासून त्याने सुमारे दोन हजार वेळा झेप घेतली. ९ ऑगस्ट १८९६ ला श्टोलनजवळच्या टेकडीवरून तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये गेला. गुस्टाफने मात्र किल्ल्यांचा नाद सोडला नाही. बर्लिनच्या लिश्टरफेल्डे उपनगरात त्याने १८९० च्या दशकात राहती घरं बांधली. त्या घरांना बुरूज आहेत, तटावरच्या चऱ्या आहेत, काही ठिकाणी दारात जाण्यासाठी उचलपुलासारखा पूल आहे. लोक त्यांना 'बुर्ग', म्हणजे किल्लेच, म्हणतात. त्यातल्याच एका घरात तो स्वतः राहिला. घरं बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडावीत हा त्याचा हेतू होता. खेळण्यातला किल्ला माणसाने राहण्याजोगा मोठा करून दाखवणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

रिश्टरकडे वळू. रुडोलश्टाट हे त्याचं गाव. फ्रोबेलचं बाड ब्लांकेनबुर्ग तिथून हाकेच्या अंतरावर, आणि गावाच्या डोक्यावर टेकडीवर हायडेक्सबुर्ग हा भलाथोरला राजवाडा. रिश्टरचा मूळ धंदा औषधांचा. 'पेन एक्स्पेलर' नावाचं दुखऱ्या सांध्यांना चोळायचं औषध तो नांगराच्या छापाखाली विकत असे आणि तोच छाप त्याने दगडांवर आणला. विकण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. सुरुवातीची पेटी लहान घ्यायची, पुढच्या वाढदिवसाला पूरक पेटी, ती मिळवली की पहिलीची पुढच्या क्रमांकाची पेटी होते, मग आणखी पूरक. अशा सहाशेहून अधिक प्रकारच्या पेट्या आणि हजाराहून अधिक आकारांचे दगड निघाले. प्रत्येक पेटीत नकाशांची पुस्तिका. त्यात किल्ल्याचं नुसतं चित्र नसे, थराथराचा आडवा छेद असे: पहिल्या थरात कोणता दगड कुठे, दुसऱ्यात कुठे, असं वरपर्यंत. गवंड्याच्या हातात नकाशा द्यावा तसा तो दहा वर्षांच्या मुलाच्या हातात दिला जाई.

आणि त्या नकाशांत किल्ले, बुरूज, वेशी, चर्च यांचीच गर्दी का, याचं उत्तर त्या काळात आहे. रिश्टरने कृती विकत घेतली त्याच १८८० मध्ये कोलोनचं कॅथीड्रल सहा शतकांनंतर पुरं झालं. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग १८६९ पासून नॉयश्वानश्टाइन हा स्वप्नातला किल्ला बांधत होता. वार्टबुर्ग या जुन्या किल्ल्याची डागडुजी चाललेली होती. अख्खा जर्मनी मध्ययुगाच्या प्रेमात पडला होता. मोठी माणसं डोंगरावर जे करत होती तेच मुलं जेवणाच्या टेबलावर करू लागली. दगडांचे तीन रंगही तिथल्या गावांतून उचललेले आहेत: लाल म्हणजे वीट, पिवळा म्हणजे वाळूचा दगड आणि निळा म्हणजे छपरावरची पाटीच्या दगडाची कौलं.

भाचा गेल्यावर मी पुस्तिकेतला सगळ्यात साधा दरवाजा बांधायला घेतला. दोन बाजूंना दोन बुरूज, मध्ये कमान, वर चऱ्या. चुना नाही, गोंद नाही, दगडाला खाच नाही. लेगोची वीट, जिची आजची रचना १९५८ मध्ये पेटंट झाली, खालच्या विटेला चावा घेऊन धरते. हा दगड फक्त टेकतो. त्याला जागेवर धरतं ते वरच्या दगडाचं वजन. म्हणून सांधा कधी सांध्यावर येऊ द्यायचा नाही, वरच्या दगडाने खालच्या दोघांना कवेत घ्यायचं. कमान एकाच दगडात कोरलेली असल्याने लगेच बसली, पण तिच्यावर पहिला दगड ठेवताना मी श्वास रोखून धरला होता. माझी चूक झाली ती डाव्या बुरुजात. तिसऱ्या थरात एक दगड केसभर बाहेर राहिला होता. तेव्हा तो दिसलाही नाही. नवव्या थराला बुरूज उघड उघड कलला. वरून नीट करता येत नाही. सहा थर उतरवायचे, तो एक दगड आत सारायचा आणि पुन्हा चढायचं. मी तसं केलं आणि तो तासभर मला आठवडाभर पुरला.

मोडल्यावरचं काम बांधण्याइतकंच अवघड आहे. पेटीत दगड कसेही टाकले तर झाकण लागत नाही. कोणता दगड कोणाच्या शेजारी बसतो याचाही थराथराचा नकाशा आहे. फ्रोबेलची ती जुनी अट, सगळं परत जागच्या जागी, इथे लाकडाच्या चौकटीने पाळायला लावली आहे.

पुढची हकिगत थोडक्यात. रिश्टर १९१० मध्ये वारला. पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्टांचं मेकॅनो आलं, दोन महायुद्धं आली, रुडोलश्टाट पूर्व जर्मनीत गेलं, कारखाना सरकारी झाला आणि १९६३ मध्ये बंद पडला. माळ्यांवरच्या पेट्या तेवढ्या उरल्या. त्या जपणाऱ्यांनी १९७९ मध्ये नेदरलँड्समध्ये आपलं मंडळ स्थापन केलं, हरवलेल्या दगडांची अदलाबदल सुरू झाली, जुन्या पुस्तिका पुन्हा छापल्या गेल्या. १९९५ मध्ये रुडोलश्टाटमध्येच उत्पादन पुन्हा सुरू झालं.

हे सगळं वाचताना आमच्या वाड्यातला दिवाळीचा किल्ला सारखा डोळ्यांपुढे येत होता. विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, त्यावर ओलं गोणपाट टाकायचं, वरून चिखलाचा लेप, मग अळीव पेरायचे आणि गवत उगवलं की मावळे उभे करायचे. आपला किल्ला आधी डोंगर असतो. रायगड, राजगड, तोरणा यांची अर्धी ताकद कड्यात आहे, म्हणून आपली मुलं तटाआधी कडा करतात. हे त्यांनी सह्याद्रीकडे पाहून घेतलेलं शहाणपण आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्यामुळे आपल्या किल्ल्यात एक गोष्ट मागे पडते. तट म्हणून आपण चिखलात बोटांनी रेघा ओढतो किंवा पुठ्ठ्यावर विटा रंगवतो. दगड दगडावर कसा टेकतो, सांधा का चुकवायचा, कमान भार कुणीकडे नेते, हे मुलाच्या बोटांना कळत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. हे किल्ले उभे आहेत ते त्या सांध्यांच्या जोरावर.

जर्मन पेटी महाग आहे आणि तिची गरजही नाही. घराचं काम चाललं असेल तिथून काळ्या दगडाच्या कपच्या मागून आणा, सपाट पाठीच्या निवडा आणि डोंगर झाला की निदान एक बुरूज चिखलाशिवाय, नुसत्या दगडांनी रचा. मोठे दगड तळाला, प्रत्येक थर किंचित आत. मूल चिडेल, बुरूज दोनदा कोसळेल. तिसऱ्यांदा तुम्ही हात लावू नका.