पानावरची मोकळी जागा

शांघायच्या पीपल्स स्क्वेअरसमोरचा रस्ता ओलांडला की विटांचे एक जुने चर्च लागते, मुएन थांग. नावाचा अर्थ साधारण ‘कृपेत न्हालेले मंदिर’. रविवारी उपासनेच्या बऱ्याच आधीपासून लोक येऊन बसलेले असतात. त्यात बायका जास्त, आणि त्यातही आजीच्या वयाच्या. प्रत्येकीच्या कापडी पिशवीत चष्मा, पाण्याची बाटली आणि बायबल. भेटल्यावर एकमेकींना म्हणायचे ते ‘फिंगआन’, म्हणजे शांती. आपल्याकडे वारकरी ‘रामकृष्णहरी’ म्हणतात, तशातलेच हे.

त्या पिशवीतले बायबल उघडले तर एक गंमत दिसते. ‘देव’ या अर्थाचा शब्द जिथे जिथे येतो, तिथे त्याच्या आधी एका अक्षराची जागा कोरी सोडलेली असते. पान चालू, वाक्य चालू, आणि मध्येच एक रिकामा चौकोन. अनेक वाचकांना तो आदर वाटतो. त्यात नवल नाही; थोरामोठ्यांच्या नावाआधी जागा सोडण्याची जुनी रीत चीनमध्ये होतीच. पण या कोऱ्या जागेचे मूळ भक्तीपेक्षा भांडणात आहे. देवाला चिनीत काय म्हणायचे, यावर प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचे एकोणिसाव्या शतकात कधीच एकमत झाले नाही. एक पक्ष ‘शेन’ म्हणे, दुसरा ‘शांगदी’. १९१९ साली सर्वांनी मिळून केलेले भाषांतर बाहेर पडले, तेही दोन आवृत्त्यांत. ‘शांगदी’ला दोन अक्षरे लागतात, ‘शेन’ला एक. दोन्ही आवृत्त्यांची पाने तंतोतंत जुळावीत म्हणून ‘शेन’वाल्यांनी एक घर रिकामे सोडले. छापखान्याची काटकसर, आणि आज ती श्रद्धेचा भाग होऊन बसली आहे.

कॅथलिकांचा शब्द तिसराच, ‘त्येनचू’, स्वर्गाचा स्वामी. त्यामुळे चीनमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे एका धर्माचे दोन पंथ मानले जात नाहीत. सरकारदरबारी ते दोन वेगळे धर्म आहेत. ‘तुम्ही ख्रिस्ती का?’ असे साधे विचारले, तर कॅथलिक माणूस बहुधा ‘नाही’ म्हणेल आणि आपल्या धर्माचे नाव सांगेल.

शब्दांच्या या गोष्टीचा एक धागा गोव्यात सापडतो. फ्रान्सिस झेवियर, म्हणजे गोवेकरांचा ‘गोंयचो सायब’, १५५२च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. मुख्य भूमीवर नेणाऱ्या होडीची वाट पाहता पाहताच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी इटलीत मत्तेओ रिची जन्मले. तेही जेझुइट झाले आणि १५७८मध्ये गोव्यात उतरले. पुढच्याच वर्षी तिथे आले फादर थॉमस स्टीफन्स. एकाच गावात, एकाच संघातले हे दोन तरुण. पुढे एकाने गोव्यातल्याच साष्टीत राहून मराठी ओवी आपलीशी केली आणि ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६मध्ये छापले गेले. दुसरा १५८२मध्ये मकावला गेला आणि चिनी अभिजात गद्य शिकला. स्टीफन्सांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. रिचींनी कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या शब्दांवर आपला धर्म उभा केला.

रिचींची पहिली खटपट मात्र फसली. धर्माचा माणूस म्हणून त्यांनी बौद्ध भिक्षूसारखे मुंडण केले, तशीच वस्त्रे घातली. पुढे लक्षात आले, की ज्या अधिकाऱ्यांशी बोलायचे त्यांच्या लेखी भिक्षूंना फारशी किंमत नाही. मग १५९५मध्ये दाढी वाढवून रेशमी झगा चढवला, विद्वानाचा. तेव्हा कुठे दारे उघडली. १६०१मध्ये ते बीजिंगला पोचले. शांघायचे विद्वान श्यू ग्वांगची यांनी बाप्तिस्मा घेतला आणि दोघांनी मिळून युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग १६०७मध्ये चिनीत आणले. शांघायच्या ज्या भागात आज जुळ्या मनोऱ्यांचे कॅथलिक कॅथेड्रल आहे, त्या श्यूच्याह्वेच्या नावात याच श्यू घराण्याचे नाव आहे.

या सगळ्याच्याही जवळजवळ हजार वर्षे आधी ख्रिस्ती धर्म चीनमध्ये येऊन गेला होता. शीआनच्या शिलालेख-संग्रहालयात ७८१ सालचा उंच शिलास्तंभ आहे. अलोपेन नावाचा धर्मगुरू ६३५मध्ये थांग घराण्याच्या राजधानीत आला, अशी त्यावर नोंद आहे. कोरीव मजकूर चिनी आणि सिरियाक. सिरियाक ही केरळच्या जुन्या ख्रिस्ती मंडळींचीही उपासनेची भाषा. ८४५मध्ये बादशहाने परक्या धर्मांवर घाला घातला. त्यातून ती मंडळी सावरली नाही. दगड मात्र जमिनीखाली टिकला.

पुन्हा रिचींकडे येऊ. चिनी ख्रिस्त्यांच्या पूर्वजांपुढे उदबत्ती लावण्याला, नमस्कार करण्याला त्यांनी हरकत घेतली नाही. हा वडिलांचा मान आहे, मूर्तिपूजा नव्हे, असे त्यांचे मत. त्यांच्या मागून आलेल्या दुसऱ्या संघांना ते पटले नाही आणि वाद रोमपर्यंत गेला. १७०४ आणि १७१५ला पोपने नकार दिला, १७४२मध्ये दार पक्के बंद झाले. कांगशी बादशहा मिशनऱ्यांना अनुकूल होता, पण चिनी भाषा न येणाऱ्यांनी चिनी रीतींचा न्याय करावा हे त्याला सहन झाले नाही. त्याने प्रचाराला मनाई केली, त्याच्या मुलाने १७२४मध्ये धर्मावरच बंदी घातली. रोमने आपला निर्णय फिरवला तो १९३९मध्ये. मधल्या बंदीच्या काळात धर्मगुरू वर्षानुवर्षे न दिसणाऱ्या खेड्यांत हा धर्म टिकला, तो मुख्यतः लग्न न करता घरीच राहिलेल्या बायकांमुळे. मुलांना प्रश्नोत्तरी शिकवणे, प्रार्थना पाठ करून घेणे हे त्यांचे काम. जुन्या कॅथलिक गावांत मिस्साच्या आधी ज्या सुरात सगळे मिळून प्रार्थना म्हणतात, तो सूर ऐकून शेजारी बौद्ध मठ असावा असे वाटते.

प्रोटेस्टंट आले ते १८०७मध्ये. रॉबर्ट मॉरिसन कँटनला पोचले तेव्हा परक्याला चिनी शिकवणे हाच गुन्हा होता. त्यांचे पूर्ण बायबल १८२३मध्ये मलाक्क्यात निघाले. पण त्याआधी एक वर्ष दुसरे पूर्ण चिनी बायबल छापून झाले होते, तेही बंगालमध्ये श्रीरामपूरला! जोशुआ मार्शमन यांनी चीनची भूमी पाहिलेली नव्हती. मकावमध्ये जन्मलेल्या लासार नावाच्या आर्मेनियनाच्या मदतीने त्यांनी ते केले. ज्या श्रीरामपूर मिशनने विल्यम केरींचे मराठी व्याकरण आणि मराठी नवा करार दिला, तिथलेच हे चिनी बायबल.

पुढचा इतिहास इतका निर्मळ नाही. कार्ल गुट्झलाफ हे मिशनरी अफूच्या जहाजावर दुभाषी म्हणून गेले आणि किनाऱ्यावर धर्मपत्रके वाटत राहिले. अशा जहाजांवरची माळव्याची अफू मुंबई बंदरातून चढत असे, हे इथे सांगायला हवे. अफूच्या युद्धांनंतरच्या १८४२ आणि १८६०च्या तहांनी व्यापाऱ्यांबरोबर मिशनऱ्यांनाही वाट करून दिली. एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी घटला, असे लोक म्हणू लागले. परकीयांविरुद्धच्या १९००च्या बॉक्सर उठावात याची किंमत हजारो चिनी ख्रिस्त्यांनी जीव देऊन मोजली.

‘परक्यांचा धर्म’ हा डाग पुसायचा कसा? एक उत्तर होते तिहेरी स्वावलंबनाचे: खर्च आपला, कारभार आपला, प्रचार आपला. ही कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे सचिव रूफस अँडरसन. १८५४-५५मध्ये ते मुंबई-अहमदनगरला आले होते. मराठी मंडळ्यांना मराठी पाळक हवेत, हा त्यांचा धोशा होता. शंभर वर्षांनी चीनमध्ये हीच तीन सूत्रे नव्या कम्युनिस्ट राजवटीच्या चौकटीत बसवली गेली. १९५४मध्ये ‘तीन स्व’ देशभक्त चळवळीची संघटना उभी राहिली; परदेशी पैसा, परदेशी मिशनरी तोपर्यंत बंद झाले होते. अँडरसनांना अभिप्रेत होती ती मिशनपासून मुक्ती; इथे मिशनची जागा सरकारने घेतली. बीजिंगचे पाळक वांग मिंगताव यांनी सामील व्हायला नकार दिला. १९५५मध्ये त्यांना पहिली अटक झाली. तुरुंगातून ते कायमचे सुटले १९८०मध्ये.

१९६६मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि सगळीच चर्चे बंद पडली, सरकारमान्य होती तीसुद्धा. श्यूच्याह्वेच्या कॅथेड्रलचे मनोरे पाडून तिथे कोठार केले. मुएन थांगमध्ये शाळा भरू लागली. बायबले जाळली गेली. मग हाताने उतरवलेले उतारे, पाठ केलेली वचने आणि पडदे ओढून दबक्या आवाजात म्हटलेली गाणी. तेरा वर्षांनी, एप्रिल १९७९मध्ये निंगबोचे आणि सप्टेंबरमध्ये मुएन थांगचे दार उघडले, तेव्हा अनेकांचा अंदाज होता की आत चार म्हातारी माणसे येतील. झाले उलटे. १९४९मध्ये दहा लाखांच्याही आत असलेले प्रोटेस्टंट २०१८च्या सरकारी श्वेतपत्रिकेत ३ कोटी ८० लाख भरले. कॅथलिक सुमारे ६० लाख. घरांत जमणाऱ्या, नोंद नसलेल्या मंडळ्या यात किती धरल्या, हा वेगळा प्रश्न. नानजिंगच्या अमिटी छापखान्याने १९८७मध्ये काम सुरू केले आणि २०१२पर्यंत १० कोटी बायबले छापली.

गाणीही आपली झाली. हेनान प्रांतातल्या शेतकरी घरातल्या ल्यू श्याओमिन यांना संगीताचे शिक्षण नाही. १९९०च्या सुमारास त्या भजने रचू लागल्या आणि ती हजारावर गेली. ती घरगुती मंडळ्यांतून देशभर पसरली. चर्चमधल्या भजनपुस्तकात सुरांच्या रेघा क्वचितच असतात. १ ते ७ आकडे असतात, आपल्या सा-रे-ग-म सारखे, त्यामुळे शेतकरीही वाचून गातो.

अलीकडची वर्षे पुन्हा अवघड आहेत. २०१४पासून चच्यांग प्रांतात हजाराहून अधिक चर्चांवरचे क्रूस उतरवले गेले. वनचौचे सानच्यांग चर्च तर पूर्णच पाडले. २०१८पासून नियम कडक झाले, ऑनलाइन बायबल विकणे बंद झाले, कित्येक ठिकाणी मुलांना उपासनेला आणायला मनाई झाली. तरी नाताळच्या आदल्या रात्री मोठ्या शहरांतल्या चर्चांपुढे धर्माशी संबंध नसलेल्या तरुणांचीही रांग लागते. हातात रंगीत कागदात बांधलेले सफरचंद असते, कारण सफरचंद ‘फिंगग्वो’ आणि ती रात्र ‘फिंगआन’ची.

एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येते, पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायचा दिवस. सगळे गाव डोंगरावर जाते. शेजारी कागदी नोटा जाळतात, उदबत्त्या लावतात, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतात. ख्रिस्ती कुटुंब गवत उपटते, दगड धुते, फुले ठेवते, एक गाणे म्हणते. मग सगळे थडग्यासमोर उभे राहतात. आजोबांपुढे वाकायचे की नाही, वाकायचे तर किती, यावर घरातल्या घरात एकमत नसते. सून मान लववते, सासू ताठ उभी राहते, आणि बाजूच्या थडग्यापाशी कागदी नोटा जाळणारे चुलते मान वळवून बघत असतात.