शेअर तोच, आकडा वेगळा : बँकांचे जुने भाव कसे वाचावेत

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्या उन्हाळ्यात आमच्या बीडमध्ये घरोघर जुनी पासबुके बाहेर निघाली. आमच्या गल्लीतल्या एका दिवंगत गुरुजींच्या घरीही ट्रंक उघडली गेली आणि तीत भारतीय स्टेट बँकेच्या १०० शेअरचे प्रमाणपत्र सापडले. डिसेंबर १९९३ च्या जाहीर विक्रीत गुरुजींनी ते घेतले होते. दर्शनी किंमत १० रुपये, वर अधिमूल्य ९०, म्हणजे शेअरला १०० रुपये. एकूण गुंतवणूक १० हजार.

थोरल्या मुलाने वर्तमानपत्रात भाव पाहिला. तो २८० च्या आसपास होता. १०० शेअरचे २८ हजार झाले, त्यातले निम्मे, म्हणजे १४ हजार, त्याने माजलगावला दिलेल्या धाकट्या बहिणीपुढे ठेवले. तिने वडिलांची वही उघडली. नोव्हेंबर २०१४ च्या नोंदीत गुरुजींच्या अक्षरात भाव होता जवळपास तीन हजार. ती एवढेच म्हणाली, "दादा, बाबांनी तीन हजार लिहिलंय. मग बाकीचे गेले कुठं?" दादाच्या मनात खोट नव्हती. पण दोन आकड्यांमध्ये एवढे अंतर असले की घरात संशय शिरायला वेळ लागत नाही. दोघे माझ्याकडे आले. "काका, तुम्ही जुनी कागदं वाचता, एवढं बघा."

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. जुन्या दस्तांची लिपी आणि त्यांतले हिशेब वाचत आलो, एवढीच माझी शिदोरी. पण हा घोटाळा मला ओळखीचा वाटला, कारण असाच एक मी स्वतः करून बसलो होतो. निजामी अमलातल्या बीडकडच्या एका खरेदीखतातली ७०० रुपयांची रक्कम मी शेजारच्या इंग्रजी अमलातल्या नगर जिल्ह्यातल्या रकमेशी ताडून पाहिली आणि आपल्याकडची जमीन महाग होती, असे टिपण केले. एका वृद्ध वकिलांनी ते वाचून विचारले, "हे रुपये हाली की कलदार?" निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले. इंग्रजी कलदाराशी त्याचा हिशेब साधारण सातास सहा. म्हणजे ७०० हाली हे ६०० कलदार. दोन्हीकडे शब्द 'रुपया'च, पण वस्तू वेगळी. माझे टिपण मी फाडून टाकले.

शेअरच्या जुन्या भावांचेही तसेच आहे. भावाच्या रकान्यातला 'एक शेअर' दरवेळी त्याच मापाचा असेल असे नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टेट बँकेने १० रुपयांच्या एका शेअरचे १ रुपयाचे दहा शेअर केले. यालाच विभाजन म्हणतात. भाव एका रात्रीत दहावा हिस्सा दिसू लागला. बँकेची मालमत्ता कमी झाली नव्हती आणि भागधारकाचा वाटाही तेवढाच होता. गुरुजींचे १०० शेअर आता १,००० झाले होते. हिशेब २८ हजारांचा नव्हता, २ लाख ८० हजारांचा होता. बहिणीचा वाटा १४ हजार नव्हे, १ लाख ४० हजार.

म्हणून जुने भाव हाती घेतले की पहिला प्रश्न विचारावा : हा आकडा त्या दिवशीचा मूळ आहे, की नंतर दुरुस्त केलेला? शेअर बाजार रोज जी 'भावकॉपी' काढतो, तीत त्या दिवशी जो सौदा झाला तोच आकडा असतो. बहुतेक संकेतस्थळांवरची कोष्टके मात्र विभाजनानुसार मागचे सगळे आकडे बदलून घेतात. तिथल्या हिशेबाने गुरुजींची १९९३ ची खरेदी १०० ची नव्हे, १० रुपयांची ठरते. दोन्ही आकडे खरेच. चूक होते ती एकाचा भाव घेऊन दुसऱ्याच्या संख्येने गुणले की. दादाने नेमके तेच केले : संख्या १९९३ ची, भाव २०१७ चा.

दुसरी नोंद हक्कभागांची. २००८ च्या आरंभी स्टेट बँकेने जुन्या भागधारकांना पाच शेअरमागे एक नवा शेअर १,५९० रुपयांना देऊ केला. बाजारभावापेक्षा हा दर बराच कमी होता. स्वस्तातले नवे शेअर आले की जुन्यांचा भाव त्या प्रमाणात थोडा उतरतो. कोष्टकात ही नुसती घसरण दिसते, पण तिच्यामागे भागधारकाच्या हातात आलेला हक्क असतो. तो वापरता येतो, नाही तर विकता येतो. गुरुजींना २० शेअरसाठी ३१,८०० रुपये भरावे लागले असते. त्यांनी भरले नाहीत. निवृत्तिवेतनावरच्या माणसाला ते जड गेले असावे.

तिसरी गोष्ट भावाच्या रकान्यात दिसतच नाही. ती म्हणजे लाभांश. स्टेट बँकेने २०१७-१८ पासून सलग तीन आर्थिक वर्षे लाभांश दिला नाही. पुढे २०२०-२१ साठी ४ रुपये, नंतर ७.१०, ११.३० आणि २०२३-२४ साठी १३.७० रुपये दिले. चार वर्षांचे मिळून शेअरला ३६.१० रुपये, हजार शेअरला ३६,१००. ज्याची दुरुस्त खरेदी १० रुपये, त्याला एका वर्षाचा लाभांशच १३.७० आला. नुसता भाव पाहून एखाद्या गुंतवणुकीचे बरेवाईट ठरवणारा माणूस शेताची किंमत मोजतो आणि दरसालचे पीक सोडून देतो.

आतापर्यंत आकडा तुटला तरी धन टिकल्याची उदाहरणे झाली. याच्या उलटही घडते, आणि ते जास्त धोक्याचे. स्टेट बँकेच्याच पूर्वजांत १८४० ची बँक ऑफ बॉम्बे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका शेअरच्या तारणावर कर्जे वाटू लागल्या. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आल्याची बातमी आली, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे पैसे चुकते करण्याचा दिवस होता; त्या दिवशी अनेकांना देणी देता आली नाहीत. बँकेचा तोच शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. या प्रकरणावर दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले.

१८६८ मध्ये ती बँक गुंडाळली गेली आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक निघाली. तीच पुढे १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत आली. बँकेची वंशावळ अखंड दिसते, पण १८६५ च्या भागधारकाचा कागद त्या वंशावळीत पुढे आला नाही. नाव तेच राहिले म्हणून शेअर तोच राहतो असे नाही.

कधी मालिकेत मोठी पोकळी असते. पुण्यात १९३५ मध्ये नोंदलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचे १९ जुलै १९६९ रोजी तेरा इतर बँकांसह राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर बाजारात तिचा शेअरच नव्हता. २००४ मध्ये तो २३ रुपयांना पुन्हा लोकांपुढे आला. मधली पस्तीस वर्षे बँकेच्या शाखा वाढल्या, कर्जे दिली गेली, पण त्याचा भावात मागमूस नाही. पुढे २०२० मध्ये हा शेअर दहा रुपयांच्याही खाली गेला आणि २०२४ मध्ये साठच्या वर चढला. यातले कोणते टोक धरून आलेख काढायचा, यावर सांगणाऱ्याचा हेतू कळतो. विकणारा २०२० पासून मोजतो. रडणारा २००४ पासून २०२० पर्यंत मोजतो.

आणखी एक फसवणूक न दिसणाऱ्या नावांची असते. आजच्या यादीतल्या बँकांचे तीस वर्षांचे भाव काढून 'बँकांचे शेअर ठेवले की वाढतातच' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या यादीत हैदराबादची ग्लोबल ट्रस्ट बँक नसते. २००४ मध्ये ती ओरिएंटल बँकेत विलीन झाली, ठेवीदार वाचले, भागधारकांना काही मिळाले नाही. २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँकेचे भागभांडवल शून्य केले गेले. जगलेल्यांचीच सरासरी काढली तर कोणतीही साथ सौम्य वाटते.

आता आमच्या स्वतःच्या बँकेकडे येतो. हैदराबाद स्टेट बँक ५ एप्रिल १९४२ रोजी सुरू झाली, १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, १९५९ मध्ये स्टेट बँकेची उपकंपनी बनली. २०१७ च्या विलीनीकरणात बिकानेर-जयपूर शाखेच्या बँकेच्या दहा शेअरला स्टेट बँकेचे अठ्ठावीस मिळाले, म्हैसूर आणि त्रावणकोरच्या दहाला बावीस. त्या तिघींचे भाव तिथे थांबतात आणि या प्रमाणाने गुणूनच पुढे नेता येतात. हैदराबादच्या बँकेचे सगळे शेअर स्टेट बँकेकडेच असल्याने तिला बाजारभावच नव्हता. मराठवाड्यातल्या कित्येक पगारदारांचा आणि शेतकऱ्यांचा व्यवहार जिच्यातून झाला, तिचा आलेख कोणत्याही संगणकावर निघणार नाही. तिचा इतिहास पासबुके, पीककर्जाचे कागद आणि गहाणखते यांतूनच लिहावा लागेल, आणि ती तर रद्दीत चालली आहेत. वाचकांनी या दिवाळीत ट्रंक आवरताना एवढे ध्यानात ठेवावे.

मी दोघा भावंडांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. दादा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने समोरचे चौदा हजार मागे घेतले, "निम्मं म्हणजे निम्मं," म्हणाला, आणि वडिलांच्या वहीत २०१४ च्या नोंदीखाली स्वतः लिहिले : 'यानंतर दहाचा एक झाला, शंभराचे हजार झाले.' ही एक ओळ गुरुजींनी तेव्हाच लिहिली असती, तर बहिणीला तो प्रश्न विचारावा लागला नसता. ज्यांच्या घरी अशी वही आहे, त्यांनी भावाशेजारी त्या दिवशीची संख्या आणि दर्शनी किंमतही लिहून ठेवावी.