रायगडावरील राजवाडा

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील रायगड किल्ल्याच्या माथ्यावर असलेला, मराठ्यांच्या राजघराण्याचे निवासस्थान व दरबार यांचा वास्तुसमूह. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा पाडाव झाल्यावर १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी हा डोंगर, म्हणजे तत्कालीन रायरी, ताब्यात घेतला आणि पुढे राजगडाहून राजधानी येथे आणली. बांधकाम हिरोजी इंदुलकर यांचे. जगदीश्वराच्या मंदिरात त्यांचा शिलालेख आहे.

वास्तूंची जोती व पायऱ्या दगडी होत्या. वरचे काम मुख्यतः लाकडी असल्याने आज जोतीच शिल्लक आहेत. राजसभा सु. २२० फुट लांब व १२४ फुट रुंद असून तिच्यासमोर नगारखाना आहे. सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी हलक्या आवाजात बोललेले नगारखान्यापर्यंत ऐकू येते. ६ जून १६७४ रोजी येथेच राज्याभिषेक झाला. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेन त्यास उपस्थित होता. मेणा दरवाजाच्या वाटेवर एका रांगेत असलेल्या जोत्यांना राणीवसा म्हणतात. त्यांतील एकेक महाल एकेका राणीच्या नावे दाखविण्याचा प्रघात मात्र ग्राह्य धरता येत नाही. सईबाई १६५९ मध्येच राजगडाखाली निवर्तल्या होत्या. रायगडावर त्यांचा महाल असणे संभवत नाही. जिजाबाईंचा वाडा गडाखाली पाचाड येथे होता. तेथेच राज्याभिषेकानंतर बाराव्या दिवसाच्या आत, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे निधन झाले.

३ एप्रिल १६८० रोजी महाराज या वाड्यात निवर्तले. त्याच महिन्यात सोयराबाईंच्या पक्षाने राजारामास गादीवर बसविले. जूनमध्ये संभाजी महाराजांनी गड ताब्यात घेतला. १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला.

वाड्याच्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रसंग १६८९ मधील होय. संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडल्यावर फेब्रुवारीत राजारामाचे मंचकारोहण झाले. येसूबाईंचा पुत्र शाहू तेव्हा सात वर्षांचाही नव्हता. सर्व राजकुटुंब एकाच गडावर अडकू नये म्हणून राजारामाने बाहेर पडावे आणि स्वतः पुत्रासह गड लढवावा, असा निर्णय येसूबाईंनी घेतला. मुलाचा हक्क मागे ठेवणाऱ्या या निर्णयाची दखल इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही. ५ एप्रिल रोजी राजाराम पोलादपूरजवळील घाटमाथ्यावरच्या प्रतापगडाकडे निघाले. नोव्हेंबरमध्ये गड पडला. येसूबाई व शाहू कैदेत गेले. शाहू १७०७ मध्ये सुटला, येसूबाईंना मात्र १७१९ पर्यंत थांबावे लागले.

१७३३ मध्ये गड पुन्हा मराठ्यांकडे आला, तथापि राजघराणे साताऱ्यास स्थिरावले होते. वाड्यातील शेवटची उल्लेखनीय रहिवासी म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने डागलेल्या तोफगोळ्यांनी वाड्यास आग लागली आणि लाकडी इमारती भस्मसात झाल्या. १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आला.