सोपाऱ्याचा पुरावा : १८८२ चे उत्खनन आणि वैज्ञानिक शोधाची रीत

महाविद्यालयीन अध्यापनात ‘वैज्ञानिक पद्धती’ हा विषय बहुधा प्रयोगशाळेच्या आधाराने शिकवला जातो. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग आणि निष्कर्ष या चार पायऱ्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. इतिहासाचा अध्यापक मात्र यांतील तिसऱ्या पायरीपाशी अडतो. गेलेल्या काळावर प्रयोग करता येत नाही. त्यामुळे इतिहास ही विज्ञानाबाहेरची विद्या आहे असे आपल्या अध्यापक-कक्षांतूनही सहज म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीचा विचार वसई-विरार परिसरातील एका शोधाच्या आधारे करावयाचा आहे. हा शोध म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२ मध्ये सोपारा येथे केलेले उत्खनन होय.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे झाला. विद्यापीठीय शिक्षण त्यांना लाभले नव्हते. १८६० नंतरच्या दशकात ते मुंबईस आले व डॉ. भाऊ दाजी लाड यांचे साहाय्यक म्हणून, १८७४ साली भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत, देशभर शिलालेखांचे ठसे घेत फिरले. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजचे आरंभीचे पदवीधर आणि व्यवसायाने वैद्य होते. लक्षणे नोंदवल्यावाचून निदान करू नये ही वैद्याची सवय पंडितजींच्या कामातही दिसते. ती गुरूकडून आली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुढे १८८४ साली लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

सोपाऱ्याविषयीचा प्रश्न मुळात एका नावाचा होता. महाभारतात शूर्पारक आहे, पाली वाङ्मयात सुप्पारक आहे, टॉलेमीच्या भूगोलात सौपारा आहे. ही सारी नावे एकाच बंदराची आहेत काय, आणि ते बंदर म्हणजे वसईच्या उत्तरेचे हे खेडे काय? केवळ उच्चारसाम्यावर भिस्त ठेवली तर काय होते याचा नमुना याच गावाच्या बाबतीत उपलब्ध आहे. बायबलमध्ये सॉलोमन राजाकडे सोने पाठवणाऱ्या ओफिर या देशाचा उल्लेख येतो. ओफिर म्हणजे सोपारा असे मत काही विद्वानांनी मांडले होते. ते मत अद्याप कोणी निर्णायकपणे खोडलेले नाही, कारण ते खोडण्यासाठी कोणता पुरावा पुरेल हेच त्यात सांगितलेले नाही.

शूर्पारकाच्या समीकरणाची गोष्ट वेगळी होती. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात भरुकच्छ, दशपूर व गोवर्धन यांच्यासह शोर्पारगाचे नाव येते आणि कार्ले येथील एका दानलेखात दाता सोपारकाचा असल्याचे नोंदले आहे. म्हणजे हे नाव केवळ पुराणकथेतले नव्हते. सह्याद्रीच्या लेण्यांना दान देणारी माणसे तेथे राहत होती. यावरून एक अपेक्षा बांधता येत होती: हे बंदर सोपारा येथेच असेल, तर तेथे सातवाहनकालीन बौद्ध वास्तूचे अवशेष मिळावयास हवेत. ते न मिळते तर समीकरण दुबळे ठरले असते. विज्ञानाच्या निकषांची चर्चा करताना आपण कार्ल पॉपरचे नाव घेतो. पॉपरचा जन्म १९०२ चा आहे.

गावकरी ज्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, ते खणावयास घेतले गेले. लोकांच्या मते तो एका राजाचा किल्ला होता. भगवानलालांच्या मते तो विटांचा स्तूप होता, आणि स्तूप असेल तर त्याच्या मध्यावर अस्थिपेटिका असावयास हवी होती. तशी ती मिळाली. विटांच्या कोठडीत दगडाचा एक वर्तुळाकार करंडक होता. त्यात तांब्याचा करंडक व त्याभोवती आठ ब्राँझमूर्ती होत्या. त्यांतील सात मूर्ती होऊन गेलेल्या बुद्धांच्या व आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात एकात एक ठेवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे १३ लहान तुकडे मिळाले. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. हा ऐवज आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

अपेक्षा खरी ठरली, येथे शोध संपला असे वाटेल. परंतु खरा पेच येथूनच सुरू होतो. यज्ञश्रीचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. त्यावरून सारा ऐवज त्याच काळचा मानणे स्वाभाविक होते. पण पुढे मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी या आठ मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील ठरवल्या. एकाच पेटीतील दोन वस्तूंमध्ये सहा शतकांचे अंतर पडले. स्तूप मधल्या काळात पुन्हा उघडून त्यात मूर्ती ठेवल्या गेल्या असाव्यात, हे एक उत्तर. सगळाच ठेवा उत्तरकालीन असून नाणे जुने म्हणून जपून ठेवलेले असावे, हे दुसरे. नाण्यावरून ‘याच्या आधी नव्हे’ एवढेच सांगता येते. ‘याच्या नंतर नव्हे’ असे ते कधीच सांगत नाही. हा साधा भेद आपल्या पाठ्यपुस्तकांतून वारंवार विसरला जातो. सोपाऱ्याचा स्तूप सम्राट अशोकाने बांधला असे बिनदिक्कत लिहिले जाते, तेव्हाही तोच विसर पडलेला असतो. गावात अशोकाचा लेख मिळाला यावरून स्तूप अशोकाचा ठरत नाही.

त्या १३ तुकड्यांचेही तसेच आहे. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत असे मत पंडितजींनी मांडले. ज्यांनी ते सोन्यात जपले त्यांची तशी श्रद्धा असणे शक्य आहे. भाजलेल्या मातीचे वय काढण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. त्याने तुकड्यांचे वय कळेल. ते पात्र कोणाच्या हाती होते हे कळणार नाही.

येथे उत्खननाची एक अडचण सांगणे आवश्यक आहे. रसायनशास्त्रातील प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करता येतो, पण स्तूपाचा मध्य एकदाच खणता येतो. खणणारा आपला पुरावा खणता खणताच नाहीसा करीत असतो. मूर्तींखालच्या मातीचा थर पूर्वी हलवला गेला होता काय, या प्रश्नाचे उत्तर १८८२ साली त्या कोठडीत होते. आज ते फक्त पंडितजींनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात शोधावे लागते. १९३९-४० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे पुन्हा काम केले, पण ती कोठडी पुन्हा पूर्ववत होणे शक्य नव्हते.

मात्र इतिहासातही भाकीत तपासले जाऊ शकते, याचा उत्तम दाखला सोपाऱ्यातच आहे. १८८२ मध्येच भातेला तळ्याजवळ भगवानलालांना काळ्या दगडाचा एक लेखयुक्त तुकडा मिळाला. ब्राह्मी लिपीतील काही तुटक ओळींवरून त्यांनी तो अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा असल्याचे ओळखले. राजांच्या विहारयात्रा सोडून अशोकाने धर्मयात्रा सुरू केल्या, हा त्या शासनाचा विषय. हे ओळखणे त्यांना साधले, कारण जुनागढजवळच्या गिरनारची चौदा शासने त्यांच्या बालपणापासूनच्या परिचयाची होती. आठवे शासन एकटे कोरलेले कोठेही आढळत नाही. ते मालिकेतच येते. तेव्हा त्या तुकड्यातच एक भाकीत दडलेले होते: उरलेली शासनेही येथे असली पाहिजेत. त्यानंतर ७४ वर्षांनी, १९५६ मध्ये, जवळच्या भुईगाव येथे नवव्या शासनाचा तुकडा मिळाला. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक जे नाना मंगलविधी करतात त्यांचे फळ थोडे, असे सांगणारे हे शासन होय.

तरीही ‘सोपाऱ्यास चौदाही शासने होती’ हे विधान जपूनच करावे लागेल. ओडिशातील धौली व जौगड येथे अकरा ते तेरा ही तीन शासने वगळलेली आहेत व त्यांच्या जागी दोन स्वतंत्र शासने कोरली आहेत. सोपारा कलिंगात नसल्यामुळे येथे तसे झाले असण्याचा संभव कमी. पण संभव कमी असणे म्हणजे पुरावा नव्हे. अकरा, बारा किंवा तेरा यांपैकी एखाद्या शासनाचा तुकडा मिळाला, तरच याचा निर्णय लागेल.

असा तुकडा मिळण्याची शक्यता कितपत आहे? कर्नाटकातील सन्नती येथे अशोकाची शासने कोरलेली शिळा मिळाली, ती चंद्रलांबा मंदिराच्या परिसरात देवीच्या मूर्तीचे आसन म्हणून वापरात होती. सोपाऱ्याचे दोन्ही तुकडेही मूळ जागी मिळालेले नाहीत. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. त्याच्या आधीपासूनच या गावांतील जुने चौथरे, विहिरींचे कठडे आणि तळ्यांचे घाट पाडून नवी बांधकामे होत आहेत. उरलेल्या शासनांचे तुकडे असलेच तर ते अशाच एखाद्या चौथऱ्यात असणार, आणि तो चौथरा पाडला जात असताना त्याच्या दगडांकडे पाहणारा कोणी तेथे उभा असेल तरच ते ओळखले जाणार.