रित्या दालनाचा मान

जपानांत एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावर ५३ ठाणीं होतीं. १६३५ सालीं शोगुन इएमित्सु यानें सरदारांवर आळीपाळीनें एदोस येऊन राहण्याची सक्ती केली. त्यांच्या वाटेवरील मुक्कामासाठीं ‘होन्जिन’ नांवाचे वाडे असत. आंतील मुख्य दालनाची जमीन किंचित् उंच. तेथें केवळ सरदारानें बसावें. सामान्य वाटसरूस, गांठीं पैका असला तरी, प्रवेश नसे. यजमान घराण्यास बहुमान पुष्कळ, प्राप्ति मात्र बेताची! १८६२ सालीं ती सक्ती सैल झाली, १८७० सालीं होन्जिनची प्रथाच मोडली आणि ज्या पाहुण्यासाठीं पिढ्यांनीं झीज सोसली तो येईनासा झाला. कुसात्सु येथील वाडा अद्याप उभा आहे. तें उंच दालन आज कोणीही वाटसरू पाहूं शकतो.